स्पंज हा प्राणी आहे का? त्याचे वर्गीकरण कशावरून करतात?

हो, प्राणीच. रंध्रीय संघातला, म्हणजे पोरिफेरातला. एका जागी चिकटून राहतो म्हणून वनस्पती वाटतो, पण अन्न स्वतः बनवत नाही, पाण्यातून गाळून घेतो. अंगावरच्या असंख्य बारीक छिद्रांतून, म्हणजे ऑस्टियांतून, पाणी आत येते आणि ऑस्क्युलम या मोठ्या छिद्रातून बाहेर पडते. हा प्रवाह आतल्या कॉलर पेशींच्या कशाभिका, म्हणजे चाबकासारखे बारीक धागे, चालू ठेवतात. जीवाणू आणि सूक्ष्म कणही त्याच पेशी पकडतात. चेतापेशी, स्नायू, पचनमार्ग यांतले काहीच नाही.

वर्गीकरण मुख्यतः सांगाड्यावरून होते. कॅल्केरिया या वर्गात कॅल्शियम कार्बोनेटच्या कंटिका, म्हणजे सांगाड्याचे बारीक काटे, हेक्झॅक्टिनेलिडात सहा टोकांच्या सिलिकाच्या. डेमोस्पंजियात सिलिका, स्पंजिन या प्रथिनाचे तंतू किंवा दोन्ही. बहुतेक जाती यातच येतात, गोड्या पाण्यातल्याही. होमोस्क्लेरोमॉर्फा हा चौथा वर्ग अलीकडे वेगळा केला, त्यामुळे जुन्या पुस्तकांत तीनच सापडतील. ॲस्कॉन, सायकॉन, ल्यूकॉन हे मात्र वर्ग नव्हेत, त्या पाण्याच्या मार्गाच्या रचना आहेत. इथे बरेच विद्यार्थी गोंधळतात.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांचा १९०७ सालचा प्रयोग. त्यांनी स्पंज रेशमी कापडातून पिळून पेशी सुट्या केल्या, आणि त्या पेशी पुन्हा एकत्र येऊन त्यांचा स्पंज तयार झाला!