जंगलात पर्यावरणपूरक आणि आलिशान ट्री हाउस बांधायचे असल्यास रचना कशी करावी?

आपण लिहिले आहे की किनवटच्या पुढे जंगलाला लागून आपली शेती आहे, बांधावर दोन-तीन मोठी झाडे आहेत आणि त्यांपैकी एकावर "एकही खिळा न ठोकता, फक्त पट्ट्यांनी बांधलेले" आलिशान घर उभारून ते पर्यटकांना राहण्यास द्यायचे आहे. लाकूड कोणते, उंची किती आणि एका खोलीचा खर्च किती, हे आपले तीन प्रश्न आहेत. त्यांच्याकडे मी येईनच, परंतु उत्तर लिहायला बसलो तो त्या पट्ट्यांच्या उल्लेखामुळे. खिळा टाळून पट्ट्याने आवळलेले घर झाडाचा जीव घेते. मी असे एक घर स्वतः बांधले आहे आणि त्याचा परिणाम डोळ्यांनी पाहिला आहे.

मी नांदेडला स्थापत्य अभियंता म्हणून काम करतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरची शेती किनवट तालुक्यातच आहे. त्या शेताच्या उत्तरेच्या बांधावर एक जुना मोह आहे. दोन माणसांनी हात पसरले तरच कवेत येईल एवढा त्याचा घेर, आणि जमिनीपासून साधारण बारा फुटांवर त्याला तीन जाड फांद्या फुटलेल्या आहेत. 2016 च्या फेब्रुवारीत दाजी केरळची सहल करून आले आणि तिथे पाहिलेल्या घरासारखे घर याच मोहावर बांधायचे, असे त्यांनी ठरवले. आराखडा अर्थातच मी करायचा होता.

मी बोल्टचा आराखडा केला. झाडावरच्या घरांसाठी अमेरिकेतील ओरेगन राज्यात 1990 च्या दशकात एक विशेष बोल्ट विकसित झाला. साधारण दीड इंच जाडीचा दांडा आणि त्यावर तीन इंच व्यासाची जाड कॉलर असे त्याचे रूप असते. ही कॉलर खोडात थोडी बसवली जाते, त्यामुळे भार एका बारीक टोकावर न येता रुंद पृष्ठभागावर पसरतो, आणि पुढे झाड तिच्याभोवती लाकूड वाढवून तिला अधिकच घट्ट धरते. असे चार बोल्ट नांदेडच्या एमआयडीसीत लेथवर करून घ्यायचे मी ठरवले होते. दाजींनी कागद पाहिला आणि बाजूला सारला. "देवाचं झाड आहे हे. ह्याला भोक पाडायचं नाही. पट्टा बांध," एवढेच ते म्हणाले. त्यांनी शहरातून बोलावलेल्या अंतर्गत सजावटीच्या सल्लागारानेही मान डोलावली, कारण "एकही खिळा नाही" हे वाक्य जाहिरातीत शोभणारे होते. मोहाला त्या भागातील गोंड, कोलाम, आंध लोक देवासारखे मानतात, आणि दाजींची श्रद्धाही खोटी नव्हती, हे मला मान्य आहे. परंतु श्रद्धेने झाडाची शरीररचना बदलत नाही, हे मी त्या दिवशी जितक्या ठामपणे सांगायला हवे होते तितक्या ठामपणे सांगितले नाही.

ती रचना समजून घ्या. मुळांनी शोषलेले पाणी खोडाच्या लाकडातून वर चढते, पण पानांनी तयार केलेले अन्न मुळांकडे उतरते ते सालीच्या आतल्या पातळ थरातून. खोडाची जाडी वाढवणारा जिवंत थरही त्याच सालीखाली असतो. पट्टा काही टेकूवर उभा नसतो, तो केवळ घर्षणाने खोडाला धरून राहतो. म्हणजेच त्यावर तीन-चार टन भार टाकायचा असेल तर तो प्रचंड ताकदीने आवळावा लागतो, आणि तेवढ्या दाबाखाली आतली साल पहिल्याच दिवशी चेंगरते. खाली रबर घातले म्हणून दाब नाहीसा होत नाही. पुढे झाड दरवर्षी जाड होत जाते, पट्टा मात्र तेवढाच राहतो. याउलट बोल्टने झालेली जखम एका जागेपुरती असते. अमेरिकन शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे चिरून दाखवून दिले की झाड जखम आपल्या शरीरासारखी भरून काढत नाही, तर तिच्याभोवती भिंत घालून कूज तिथेच कोंडते, आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. चार ठिकाणी पडलेल्या भोकांना झाड अशा भिंती घालू शकते. पण सगळीकडून आवळलेल्या गळ्याला ते कुठे भिंत घालणार?

शेवटी चार इंच रुंदीचे दोन लोखंडी पट्टे बांधले गेले आणि त्यांवर बारा बाय चौदा फुटांची खोली उभी राहिली. तो एप्रिल महिना होता. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते आणि इकडे दाजी वरच्या सज्जात स्नानाचा टब मागत होते. तीनशे लिटरचा टब म्हणजे पाण्याचेच तीनशे किलो, त्यात दोन माणसे आणि टबाचे स्वतःचे वजन, म्हणजे जवळपास अर्धा टन भार एका कोपऱ्यात. टबाला मी नकार दिला आणि तो टिकला. पट्ट्याच्या बाबतीत मात्र माझा नकार टिकला नाही.

पुढे जे घडले ते सर्वांत आधी शेतावरच्या म्हाताऱ्या सालगड्याच्या लक्षात आले. तो दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहाखालची जागा झाडून ठेवतो आणि रात्रभर गळलेली फुले टोपलीत वेचतो. 2020 साली तो मला म्हणाला, "साहेब, उगवतीच्या अंगानं फूल पडंना झालंय." मी वर पाहिले, तेव्हा पूर्वेकडची फांदी नुसती विरळ दिसली आणि मी दुर्लक्ष केले. पुढच्या मार्चमध्ये ती फांदी वाळलेली होती. शिडी लावून पट्ट्याजवळ गेलो, तर पट्ट्याच्या वरच्या बाजूचे खोड जाड वळकटीसारखे सुजून पट्ट्यावर ओघळले होते, खालची बाजू जशीच्या तशी राहिली होती, आणि कडेने झिरपलेला पांढरा चीक सुकून काळा पडला होता. वरून उतरणारे अन्न पट्ट्यापाशी अडून साचले की खोड असेच सुजते. खाली मुळे उपाशी राहतात, आणि मुळे थकली की वरची फांदी वाळते.

पट्टे काढायचे ठरले, पण ग्राइंडर चालवणे शक्य नव्हते, कारण मार्चमध्ये तिथे सागाच्या वाळक्या पानांचा घोट्याएवढा थर असतो आणि एक ठिणगी पुरेशी होते. आधी घराखाली लोखंडी खांब उभे करून सगळा भार त्यांवर घेतला आणि मग मी आणि तो सालगडी, दोघांनी मिळून हॅक्सॉने ते पट्टे कापले. दोन दिवस लागले. पट्टा सुटला तेव्हा त्याखालच्या सालीचा पट्टाही त्याच्यासोबत सुटून आला. आत ओलेपणा नव्हता, ती तपकिरी होऊन भुग्यासारखी झाली होती.

म्हणून आपल्या रचनेविषयी माझे पहिले मत असे आहे की शक्यतो घर झाडावर बांधूच नका. ते झाडाच्या सावलीत स्वतंत्र खांबांवर उभे करा आणि खोडाला मजल्यातून मोकळी वाट द्या. खोडाभोवती सगळीकडून किमान चार-सहा इंच जागा ठेवा, कारण खोड जाड होते आणि वाऱ्यात हलते. खांबांचे खड्डे यंत्राने खोदू नका. झाडाची बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि पानांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात; कुदळीने खोदा आणि मनगटाएवढे मूळ लागले तर खड्डा बाजूला सरकवा. माती काळी असेल तर ती फुगते आणि आकसते, तेव्हा पाया मुरुमापर्यंत न्या. झाडावरच बांधायचे ठरले तर कॉलरचा बोल्ट वापरा, एका बोल्टशेजारी दुसरा बोल्ट चिकटून मारू नका, नाहीतर दोन जखमांची कूज एक होते. घर दोन झाडांवर असेल तर तुळई एका झाडाशी पक्की जोडा आणि दुसऱ्यावर सरकती ठेवा, कारण वादळात दोन झाडे एकाच दिशेला झुकत नाहीत. आणि भोक उंच सरकत जाईल ही भीती बाळगू नका. झाडाची उंची शेंड्याकडून वाढते, खोडात मारलेला बोल्ट वीस वर्षांनीही त्याच उंचीवर सापडतो.

उंचीबद्दल विचाराल तर आठ ते दहा फूट पुरे आहे. बिबट्या आणि अस्वल दोघेही झाडावर चढतात, त्यामुळे उंचीने सुरक्षितता येत नाही, ती चांगल्या दाराने येते. उंची वाढली की वारा वाढतो आणि खर्चही वाढतो.

लाकडासाठी नवा साग विकत घेण्याची गरज नाही. आपल्या मराठवाड्यात गावोगावी माळवदाची घरे पाडून स्लॅब टाकले जात आहेत आणि शंभर वर्षे मुरलेल्या सागवानी तुळया, खांब, दारे मिळतात. भिंतींना आणि छताच्या आतल्या बाजूला मानवेल बांबू उत्तम, कारण तो जवळजवळ भरीव असतो. मात्र बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवल्याशिवाय वापरलात तर दोन वर्षांत त्याचा भुगा होईल. गवताचे छप्पर छायाचित्रात सुंदर दिसते, पण वणव्याच्या प्रदेशात ते घालू नये. पत्र्याचे छत घ्या, त्याखाली फूटभर हवा खेळती ठेवा आणि मग बांबूच्या चटईचे आतले छत करा. घराभोवती वन विभाग काढतो तशी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी वाळके गवत-पाने हटवून मोकळी केलेली जमीन, जानेवारीतच काढून घ्या आणि चूल, शेकोटी यांना साफ मनाई करा.

आता आलिशानपणाविषयी. केरळची छायाचित्रे पाहून आपल्याकडे आराखडे केले जातात, हे मला मुळातच चुकीचे वाटते. आपले जंगल पानगळीचे आहे. शाळांना सुट्ट्या लागतात आणि पर्यटक येतात, तेव्हा साग पूर्ण उघडा असतो आणि मृगाच्या पावसापर्यंत त्याखाली सावली मिळत नाही. मोहाला एप्रिल-मेमध्येच तांबूस कोवळी पालवी येते. आंबा आणि जांभूळ हिरवेच असतात. म्हणून घराची जागा ठरवण्यापूर्वी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी दोन वाजता त्या जागी जाऊन उभे राहा. सावली असेल तर वातानुकूलन यंत्राची निम्मी गरज तिथेच संपते. दीड टनाचे यंत्र तासाला सुमारे दीड युनिट वीज घेते. तेवढी वीज सौर पॅनेल आणि बॅटरीतून रात्रभर पुरवणे महाग पडते. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असते, त्यामुळे कूलर आणि वाळ्याचे पडदे इथे मुंबईपेक्षा कितीतरी चांगले काम करतात; बेचाळीस अंशांच्या दुपारी ओल्या वाळ्याचा वास घेत झोपलेल्या पाहुण्याला आणखी काय द्यायचे, हे मला कळत नाही. पाण्याची टाकी, बॅटरी आणि शौचालय जमिनीवरच ठेवा.

आकाशातून पडणाऱ्या विजेचा विचार मी शेवटी लिहीत असलो तरी तो शेवटी करू नका. आपल्याकडे मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात वीज पडून दरवर्षी माणसे आणि जनावरे दगावतात आणि माळावरच्या उंच झाडाखाली थांबू नये, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. आपण तर तिथे माणसे झोपवणार आहोत. तडितरक्षक बसवा, त्याची अर्थिंग दरवर्षी तपासा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे, वीज पडण्याचा इशारा देणारे दामिनी अ‍ॅप व्यवस्थापकाच्या फोनवर ठेवा, आणि गडगडाट सुरू होताच पाहुण्यांना उतरवून नेता येईल अशी एक पक्की खोली शेतातच बांधा.

काही गोष्टी मी गृहीत धरल्या आहेत. जमीन आपल्या मालकीची आहे. वनजमीन असेल तर 1980 च्या वन संवर्धन कायद्यानुसार केंद्राच्या मान्यतेशिवाय तिथे असे काही करता येत नाही, आणि पैनगंगा अभयारण्य जवळ असेल तर पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची हद्द आधी पाहावी लागेल. बोल्टची माझी शिफारस टणक, निरोगी झाडापुरती आहे. सालई, सावर यांसारख्या मऊ लाकडाच्या किंवा आतून पोकळ झालेल्या झाडाला बोल्टही नको आणि घरही नको. मी अभियंता आहे, वनस्पतिशास्त्रज्ञ नाही, तेव्हा झाडाची तपासणी जाणकाराकडून करून घ्या. खर्चाचा आकडा मी देत नाही, कारण खांबांची संख्या, रस्ता आणि जुन्या लाकडाचा भाव ठरल्याशिवाय दिलेला कोणताही आकडा आपली दिशाभूल करील.

दाजींचे घर आज सहा लोखंडी खांबांवर उभे आहे आणि पाहुणे येतात. पूर्वेची फांदी आम्हाला कापावी लागली. ती 2016 च्या दुष्काळाने वाळली, असे दाजी आजही चारचौघांत सांगतात. त्याच बांधावर शंभर पावलांवर दुसरा मोह आहे, त्याच मुरुमात, तोच दुष्काळ सोसलेला, आणि त्याला कोणी कधी पट्टा बांधला नाही. त्याच्या चारही अंगांनी फुले पडतात आणि सालगडी आता टोपली घेऊन आधी तिकडे जातो.