माती, खडक आणि पाना : माउंटन बाइकबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दोन्ही चाकं नुकतीच ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेली) केली. बारीक भोकं बुजवणारं सीलंट घातलं, टायर रिमवर व्यवस्थित बसले, पण रात्रभरात निम्मी हवा जाते. शिवाय जोरात वळण घेताना मागच्या टायरमधून भस्सकन हवा सुटते. टायर बदलावा का?

उत्तर : टायरवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. हे दोन वेगळे दोष आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

रात्रभरात जाणारी हवा बहुधा रिमच्या टेपमधून, म्हणजे स्पोकची भोकं झाकणाऱ्या पट्टीतून जाते. चाक काढा, हवा भरा आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेला ब्रश सगळीकडून फिरवा. स्पोकच्या निपलपाशी बुडबुडे आले, तर टेप कुठेतरी उचलली गेली आहे किंवा फाटली आहे. अशा वेळी हवा टेपखालून रिमच्या पोकळीत शिरते आणि फट मिळेल तिथून बाहेर पडते. म्हणूनच व्हॉल्व्हच्या भोकातून बुडबुडे येताना दिसले, तरी दोष व्हॉल्व्हचाच असेल असं नाही.

टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा ३ ते ५ मिमी जास्त रुंद हवी. रिम आतून ३० मिमी असेल तर ३४ मिमीच्या आसपासची टेप घ्या. आधी रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टेप ताणून, मधल्या चरात अंगठ्याने दाबत बसवा आणि शेवटी व्हॉल्व्हच्या भोकावर १० सेंमी तरी दुहेरी येऊ द्या. भोक ब्लेडने कापू नका, कारण त्याची चीर दाबाखाली वाढत जाते. तापवलेल्या दाभणाने पाडलेलं भोक गोल राहतं आणि त्याच्या कडाही वितळून पक्क्या होतात. व्हॉल्व्हची चकती फक्त बोटांनी आवळा. पकडीने आवळली, तर बुडाचं रबर वेडंवाकडं दबतं आणि वाटेत ट्यूब घालायची वेळ आली की ती चकती सुटता सुटत नाही.

सीलंट किती घातलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. २९ × २.४ इंचाच्या टायरला १०० ते १२० मिली लागतं. नव्या टायरच्या भिंती त्यातलं बरंच शोषून घेतात. उष्ण, कोरड्या हवेत ते दोन-तीन महिन्यांत वाळतं. व्हॉल्व्हचा कोअर (आतला सुटा भाग) काढून आत केबल टाय बुडवून पाहा. टोक ओलं आलं नाही, तर पुन्हा भरा.

वळणावर हवा सुटते ती दाब कमी असल्याने. टायरची कड क्षणभर रिमवरून सरकते. ७० किलोचा स्वार, २.४ इंचाचा टायर आणि आतून ३० मिमीची रिम असेल, तर पुढे २० ते २२ आणि मागे २३ ते २५ पीएसआयपासून सुरुवात करा. मग एका वेळी १ पीएसआय इतकाच बदल. उभ्या पंपावरचे काटे इतक्या कमी दाबाला फारसे भरवशाचे नसतात, तेव्हा छोटा डिजिटल गेज वापरा. २६ पीएसआयच्या पुढे जाऊनही कड सुटत असेल, तर जाड भिंतीचा टायर घ्यायची वेळ आली आहे.

प्रश्न : सायकल धुतल्यापासून मागचा डिस्क ब्रेक किंचाळतो आणि धरतही नाही. लिव्हर हँडलला टेकेपर्यंत येतो. ब्रेक ब्लीड करावा (नळीतली हवा काढावी) का?

उत्तर : आधी लिव्हरचा स्पर्श ओळखा. लिव्हर स्पंजसारखा मऊ लागत असेल आणि भराभर दाबल्यावर घट्ट होत असेल, तर नळीत हवा आहे. ब्लीड करावंच लागेल. लिव्हर कडक आहे पण उशिरा पकडतो, असं असेल तर पॅड झिजले आहेत.

किंचाळण्याचं कारण वेगळं आहे. धुतल्यावर चेनला मारलेला स्प्रे उडून डिस्कवर बसला असणार. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडक्याने पुसा. पॅडचा वरचा थर पॉलिश पेपरने घासून पाहायला हरकत नाही. पण सेंद्रिय (रेझिनचा) पॅड तेल पिऊन बसला असेल, तर घासणं, भाजणं असल्या उपायांत वेळ घालवू नका, सरळ नवा घ्या. नवा पॅड रुळवावा लागतो : बऱ्यापैकी वेग घ्या, चाक लॉक न करता चालण्याच्या वेगापर्यंत या, असं २० वेळा. तो न रुळवता कोणी लांब उतारावर गेला, तर पॅडला काचेसारखी चकाकी येते आणि किंचाळणं परत सुरू होतं.

ब्रेकमध्ये कोणतं द्रव आहे, ते लिव्हरच्या झाकणावर लिहिलेलं असतं. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट द्रव गेलं किंवा उलट झालं, तर आतली रबरी सील फुगतात आणि अख्खा ब्रेक जातो. डॉट द्रव हवेतली ओल शोषतं. डॉट ५.१ चा उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत किमान २६० अंश सेल्सियस, तर ओल शोषल्यावर १८० पर्यंत खाली येऊ शकतो. म्हणून ते वर्षातून एकदा बदला, आणि फोडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नका.

जाता जाता डिस्कची जाडीही मोजा. शिमानोची डिस्क नवी असताना १.८ मिमी असते, १.५ मिमीवर ती बदलायची.

प्रश्न : चेन कधी बदलावी? ती तर तुटेपर्यंत चालते.

उत्तर : चेन चालते, पण सोबत कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) खाते. चेनच्या एका पिनेच्या मध्यापासून १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिमी मोजा. नव्या चेनमध्ये तिथे बरोबर दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. हे अंतर ३०६.३ मिमी झालं, म्हणजे ०.५ टक्के झीज झाली. ११ आणि १२ गिअरच्या चेनला हीच मर्यादा. ती ओलांडलीत, तर नवी चेन जुन्या दातांवर उसळ्या मारेल, आणि तेही नेमक्या चढावर, उभं राहून पॅडल मारताना.

प्रश्न : पहिली माउंटन बाइक कोणी बनवली? दर ठिकाणी वेगळं नाव वाचायला मिळतं.

उत्तर : एकच नाव नाही, म्हणूनच. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७० च्या दशकात काही पोरं १९३०-४० च्या दशकांतल्या जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावरून खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे घड्याळ लावून पहिली ‘रीपॅक’ शर्यत झाली. या सायकलींना उलटं पॅडल मारून लागणारा, हबमधला ब्रेक असे. एका उतारात त्यातलं ग्रीस जळून जाई आणि हब पुन्हा ग्रीसने भरावा लागे, म्हणून ‘रीपॅक’ (पुन्हा भरणं) हे नाव. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास याच कामासाठी क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलाद) नळ्यांची फ्रेम बनवली. टॉम रिची यांच्या फ्रेम घेऊन गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये धंदा सुरू केला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर ही माउंटन बाइक कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडली. पुढे १९९० ला डुरँगोमध्ये यूसीआयची (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची) पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉसकंट्री आली.

प्रश्न : मला स्वतःची स्टीलची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) फ्रेम बनवायची आहे. २९ इंची चाकं, १३० मिमीपर्यंत दबणारा फोर्क (पुढचं सस्पेन्शन). गॅस वेल्डिंग थोडंफार येतं. कुठून सुरुवात करू?

उत्तर : कागदापासून करा, आणि चित्र फोर्क दबलेल्या स्थितीत काढा. बसल्यावर १३० मिमीचा फोर्क २० टक्के, म्हणजे २६ मिमी दबतो. हार्डटेलला मागे काही दबत नाही, त्यामुळे अख्खी सायकल पुढे झुकते : हेड अँगल (फोर्क बसतो त्या पुढच्या नळीचा कोन) एक अंशाहून थोडा जास्त उभा होतो आणि बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा आस बसतो ती जागा) साधारण ९ मिमी खाली येतो. चालवताना ६६ अंश हवे असतील, तर न दबलेल्या चित्रात ६५ च्याही किंचित खाली धरावे लागतात. हा हिशेब न करता काढलेल्या फ्रेमचं पॅडल दर दगडाला आपटतं.

दुसरी अडचण चेनस्टेमध्ये, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांमध्ये येते. २.४ इंचाचा टायर म्हणजे ६१ मिमी. त्याच्या दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी मोकळी जागा, पलीकडे नळी, त्याच्या पलीकडे चेनरिंग (पॅडलपाशी असणारं दातेरी चक्र), आणि हे सगळं बॉटम ब्रॅकेटच्या जेमतेम मागे. उजवीकडे ही गर्दी जमतच नाही. मग नळी चेपवून अरुंद करा किंवा तिथे नळीऐवजी जाड पत्र्याचा तुकडा घाला. ५२ ऐवजी ५५ मिमी चेनलाइनचा (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगपर्यंतचं अंतर) क्रँक घेतला तरी जागा मिळते. पहिल्या फ्रेमला चेनस्टे ४२० मिमी करायचा हट्ट नको. ४३५ ते ४४० ठेवा, बरीच डोकेदुखी वाचते.

नळ्या ४१३० क्रोमोलीच्या घ्या. हेड ट्यूब आतून ४४ मिमीची घेतली, की खाली बाहेरचा कप लावून टेपर्ड (खाली रुंद होणाऱ्या दांडीचा) फोर्क बसतो. मागचा हब बसतो ते अंतर १४८ मिमी, एक्सल १२ मिमीचा. आता इथे नवशिके हमखास फसतात : चांगल्या नळीची जाडी सगळीकडे सारखी नसते. ०.८/०.५/०.८ म्हणजे टोकांना ०.८ मिमी आणि मध्ये ०.५. टोकाचा जाड भाग किती लांब आहे, ते बनवणाऱ्याच्या तक्त्यात दिलेलं असतं. नळी एकाच बाजूने कापत गेलात, तर जोड नेमका पातळ भागावर येतो आणि पुढे तिथेच तडा जातो. कापण्याआधी मार्करने जाड भागाची हद्द आखून घ्या.

नळीच्या टोकाला, समोरच्या नळीच्या गोलाईत चपखल बसेल असा खोलगट काप द्यावा लागतो. होल सॉने काढा आणि अर्धगोल कानशीने पूर्ण करा. दोन्ही नळ्या जोडून मागे बल्ब धरा. उजेडाची रेघ दिसली, की पुन्हा कानस. मोठी फट पितळाने भरून निघते खरी, पण थंड होताना तीच जोड ओढते आणि फ्रेम वाकडी होते.

तुम्हाला गॅस येतो, तर टिगच्या (विजेच्या वेल्डिंगच्या) मागे न लागता पितळी ब्रेझिंग करा, म्हणजे नळ्या न वितळवता पितळाने जोडा. पितळी सळई साधारण ८८० अंशांवर वितळते. नळी फिकट लालसर-नारिंगी दिसली की पुरे. ज्योत सळईवर नव्हे, नळीवर ठेवा. पांढरा धूर निघू लागला, तर जस्त जळतंय, म्हणजे उष्णता जास्त झाली. त्या धुराने ताप येतो, तेव्हा हवा खेळती ठेवा. चांदीची सळई वापरलीत, तर कॅडमियम नसलेलीच घ्या.

बंद नळीला हवा बाहेर पडायला ३-४ मिमीचं भोक ठेवायला विसरू नका. एरवी आतली तापलेली हवा शेवटच्या वितळलेल्या थेंबातून फुस्सकन बाहेर येते आणि सुईच्या टोकाएवढं छिद्र पडतं. ते कितीही वेळा बुजवलं, तरी पुन्हा पुन्हा पडत राहतं.

फ्रेमला हात लावण्याआधी टाकाऊ नळीवर जोड करा. एक जोड हॅक्सॉने उभा कापून पितळ आतपर्यंत पोचलं का ते पाहा. दुसरा व्हाइसमध्ये धरून लांब पाइपने वाकवा. शेजारची नळी चिरली, तर जोड पास. पितळ सोलून निघालं, तर नळी नीट साफ नव्हती किंवा उष्णता कमी पडली. हा जोड सलग दोन-तीनदा पास झाल्याशिवाय खऱ्या नळ्या कापू नका.

पुढचा त्रिकोण आधी टाके मारून, मग जोडांची बाजू आलटून पालटून पूर्ण करा आणि दर जोडानंतर सरळपणा तपासा. फ्लक्स (जोड स्वच्छ ठेवायला लावलेला लेप) गरम पाण्यात काही तास भिजवून काढायचा. हातोडीने उडवू नका. सीट ट्यूब उष्णतेने हमखास आकसते, म्हणून शेवटी रीमर (भोक मापात आणणारं हत्यार) फिरवावाच लागतो. बॉटम ब्रॅकेटचे आटे आणि हेड ट्यूबच्या कडाही सगळं जोडकाम संपल्यावरच साफ करा. रंगाआधी आतून गंजरोधक तेल फिरवा.

प्रश्न : माझा १४० मिमीचा फोर्क लांब खडकाळ उतारावर दगडासारखा होतो, हात भरून येतात. हवा कमी केली तर ब्रेक मारताना पुढे कोसळतो.

उत्तर : हवा परत भरा. पूर्ण सामानासह उभं राहून फोर्क २१ ते २८ मिमी दबला पाहिजे. दाब बदलल्यावर फोर्क दहा वेळा खालीवर करा, तरच आतल्या दोन्ही हवाकोठड्या समतोल होतात. हे न करता घेतलेलं माप खोटं येतं.

उताराच्या सुरुवातीला फोर्क ठीक आणि पुढे कडक होत असेल, तर रिबाउंड (दबलेल्या फोर्कचं परत वर येणं) फार हळू आहे. पहिल्या दगडानंतर फोर्क पूर्ण वर यायच्या आत दुसरा दगड येतो, आणि असं करत करत फोर्कला दबायला जागाच उरत नाही. रिबाउंड दोन क्लिक उघडा आणि त्याच उतारावर पुन्हा जा. ब्रेकमध्ये कोसळणं लो-स्पीड कंप्रेशन (फोर्क सावकाश दबताना होणारा विरोध) दोन-तीन क्लिक वाढवून थांबेल. एवढं करूनही अडखळत असेल, तर खालच्या पायांतलं तेल आणि फोमच्या कड्या वाळल्या असतील. ही सर्व्हिस दर ५० तासांनी करायची. उघडण्याआधी सगळी हवा काढा. किती मिली तेल घालायचं ते मॉडेलच्या तक्त्यातच पाहा.

प्रश्न : पहिलीच क्रॉसकंट्री शर्यत आहे. सराव भरपूर केला. बाकी काय बघावं?

उत्तर : सुरुवात. फेरी साधारण ४ ते ६ किमीची असते आणि पहिल्या रुंद चढानंतर वाट एकेरी होते. तिथे मागे अडकलात, तर पुढच्याच्या वेगाने चालावं लागतं. त्यामुळे मधल्या गिअरमध्ये उभं राहून निघणं आणि बूट क्लिपमध्ये एका झटक्यात अडकवणं याचा वेगळा सराव करा. वॉर्म-अप २० ते ३० मिनिटं, त्यात तीन-चार छोटे जोरदार स्प्रिंट, आणि सुटण्याआधी दहाएक मिनिटांत संपवायचा.

तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं पुरेत. ती पहिल्या फेरीपासून थोडी थोडी घ्या, भुकेची वाट पाहू नका. पाणी कुठल्या सपाट भागावर प्यायचं, ते सरावफेरीतच ठरवून ठेवा. उड्या आणि दगडांच्या पायऱ्या पायी चालत पाहा. अवघड वाटेला बहुधा लांबचा सोपा पर्याय दिलेला असतो. यूसीआयच्या नियमांनुसार सायकल बदलता येत नाही आणि बाहेरची मदत ठरलेल्या पट्ट्यातच घेता येते, तेव्हा पंक्चरचं सामान अंगावर हवं : टायर प्लग (भोकात घुसवायची रबरी पट्टी) आणि कार्बन डायऑक्साइडची नळी. २९ इंची टायरला १६ ग्रॅमची नळी अपुरी पडू शकते, २५ ची घ्या. वायू सोडताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला फिरवा, नाहीतर गार वायूने सीलंट गोठून गोळे होतात. शर्यतीनंतर तो वायू काढून साधी हवा भरा. कार्बन डायऑक्साइड रबरातून लवकर झिरपतो.