आठ डिग्री म्हणजे थंडी कसली?

(परदेशी शिकणाऱ्या मुलांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न. या वेळी तिन्ही पत्रं ॲबरिस्टविथची निघाली. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं छोटंसं गाव, १८७२ पासून युनिव्हर्सिटी असलेलं. मी स्वतः तिथे बरेच हिवाळे काढलेत, त्यामुळे जरा जास्तच बोलणार आहे, सांभाळून घ्या.)

प्रश्न: ताई, लेक सप्टेंबरमध्ये एमएस्सीला गेली. रोज फोनवर थंडी थंडी करते, मी मोबाईलवर बघते तर ८ डिग्री. माझं माहेर निफाडचं, तिथे ८ चं कुणाला कौतुक नाही, आणि हे तर समुद्रकाठचं गाव, आमच्या मालवणसारखं. पोरगी लाडावलीय का?
– एक आई, मालवण

उत्तर: नाही हो, बिचारी खरं सांगतेय. निफाडचं ८ पहाटेचं असतं, अकराला अंगणात खुर्ची टाकली की स्वेटर उतरवावा लागतो. तिकडचं ८ म्हणजे भर दुपारचं, दिवसातलं जास्तीत जास्त, तिथून पुढे पारा खालीच. आणि ऊन नाही, म्हणजे भिंती तापत नाहीत, जमीन तापत नाही, कपडे वाळत नाहीत. डिसेंबरच्या शेवटी साडेआठच्या सुमारास उजाडतं आणि चारला सूर्य गेलेला असतो, मालवणात तेव्हासुद्धा अकरा तास दिवस असतो, तिकडे पावणेआठ तासही नाही, त्यातही अर्धा वेळ ढग.

समुद्राचा फायदा एवढाच की बर्फ फारसा पडत नाही. पण वारा थेट पाण्यावरून येतो, मध्ये आडोसा म्हणून काही नाहीच, आणि पाऊस वरून नाही तर समोरून येतो. समुद्रासमोरच्या घरांच्या काचांवर वादळानंतर मिठाचा पांढरट थर बसतो, बोट फिरवून चाखलं तर खारट लागतं. त्यात कॅम्पस टेकडीवर, पेंग्लाइस हिल म्हणतात, चढताना घाम आणि वर पोचल्यावर त्याच घामाने कुडकुडायचं.

तेव्हा कुरिअरने जाड लोकरी स्वेटर पाठवू नका, भिजला की दोन दिवस वाळत नाही. तिला म्हणावं तिथेच टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट आणि पाणी न शिरणारे बूट घे, आत थर्मल घाल. छत्रीवर पैसे घालवू नकोस. आणि गावातल्या डॉक्टरकडे नाव नोंदवलंय का ते आधी विचारा, वेल्समध्ये डॉक्टरने लिहून दिलेली औषधं २००७ पासून सगळ्यांना फुकट आहेत. ऊन नसल्यामुळे ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी घ्यायचा विचार करा, हे तिथली सरकारी आरोग्यसेवाच सांगते, ती गोळी मात्र दुकानातून विकत घ्यावी लागते.

प्रश्न: ताई, आम्ही चौघं भाड्याच्या जुन्या घरात राहतो. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात काळी बुरशी आलीय, कपाटातल्या जीन्सला वास येतो. घरमालक म्हणतो तुम्ही पोरं फोडण्या देता म्हणून असं होतं.
– एक विद्यार्थी, ॲबरिस्टविथ

उत्तर: अरे, फोडणीने बुरशी येत नाही रे, पाण्याच्या वाफेने येते. त्यामुळे तुमचाही थोडा वाटा असेल. कपडे खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर वाळत टाकता ना? ते सगळं पाणी हवेत जातं आणि गार भिंतीवर बसतं. कुकर लावताना एक्झॉस्ट फॅन लावा, रोज दहा मिनिटं खिडकी सताड उघडा (हो, थंडीतच), कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आणि चौघांत मिळून एक डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषून घेणारं यंत्र) घ्या. हीटिंग पूर्ण बंद ठेवून पैसे वाचवायला जाल तर भिंती अजून गार पडतील.

पण भिंतीतूनच ओल येत असेल, छताची पन्हळ गळत असेल तर ते मालकाचं काम. वेल्समध्ये १ डिसेंबर २०२२ पासून नवा कायदा आहे, घर राहण्यालायक ठेवायची जबाबदारी त्याची. तोंडी भांडू नकोस, फोटो काढ, ईमेल कर, तारखा राहतात. घर रेंट स्मार्ट वेल्सकडे (भाड्याच्या घरांची आणि घरमालकांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेकडे) रजिस्टर आहे का तेही बघून ठेव, ते सक्तीचं आहे.

प्रश्न: चारला अंधार पडला की रूमवर जाऊन रडू येतं. पबमध्ये मला करमत नाही. आणि ख्रिसमसला सगळे घरी जाणार, मी काय करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर: अगं, चारला रूमवर जायचंच नाही, तिथेच गडबड होते. सूर्य बुडायच्या आधी अर्धा तास पियरवर, म्हणजे समुद्रात खांबांवर बांधलेल्या धक्क्यावर जा. हिवाळाभर तिथे हजारो स्टार्लिंग पक्षी रात्रीच्या मुक्कामाला पियरच्या खाली येतात, त्याआधी आकाशात जे काही वळतात ना, सोलापूरकडच्या भोरड्यांचे थवे पाहिले असशील तर कळेल, फक्त इथे खाली समुद्र. मग प्रॉमनेडने, म्हणजे किनाऱ्यालगतच्या फिरायच्या रस्त्याने, कॉन्स्टिट्यूशन हिलच्या पायथ्यापर्यंत चाल आणि शेवटच्या लोखंडी कठड्याला लाथ मार. का मारतात ते कुणी धड सांगत नाही, पण सगळे मारतात. तिथे ओळखी आपोआप होतात, लाथ मारून हसताना.

वादळाचा इशारा असेल तेव्हा मात्र जाऊ नकोस, लाटा बघायला तर मुळीच नाही. जानेवारी २०१४ मध्ये तिथल्या लाटांनी प्रॉमनेड उखडून टाकला होता, किनाऱ्यावरच्या हॉस्टेलमधल्या मुलांना हलवावं लागलं होतं. अशा दिवशी नॅशनल लायब्ररीत बस, कॅम्पसच्या वाटेवरच आहे, किंवा आर्ट्स सेंटरला सिनेमा बघ.

ख्रिसमसचं म्हणशील तर आत्ताच ठरव. २५ ला ट्रेन नसते, मोठी दुकानं कायद्यानेच बंद, २६ लाही फार भरवसा ठेवू नकोस. बर्मिंगहॅमला किंवा लंडनला कुणी ओळखीचं असेल तर २३ लाच निघ. बर्मिंगहॅमला थेट गाडी आहे, तीन तास लागतात, लंडनसाठी तिथे बदलायची. राहायचंच असेल तर डाळ, तांदूळ, कांदे, दूध २४ च्या सकाळी भरून ठेव, आणि हॉस्टेलच्या ग्रुपवर ‘कोण कोण राहतंय’ एवढंच टाक. मलेशियाची, नायजेरियाची, केरळची मुलं असतातच, खिचडी जरा जास्त टाकावी लागेल.