पोराला वर आणायची घाई नको

बेसबॉल संघ सांभाळायला तू नवीन आहेस म्हणून आधीच सांगतो. डबल-ए मध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली, महिनाभर चेंडू झोडपणारा १९ वर्षांचा पोरगा दिसला की हात शिवशिवतात. थांब. सरासरी बाजूला ठेव आणि स्ट्राइक झोनबाहेरच्या, म्हणजे फटक्याच्या योग्य पट्ट्याबाहेरच्या, चेंडूंवर तो किती वेळा बॅट फिरवतो ते बघ. ही खोड खाली सुटली नाही, तर वरचे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, ती लगेच हेरतात.

वर आल्यावर अडखळला तरी घाबरू नकोस. मेजर लीगमधला माइक ट्राउट २०११ मध्ये ४० सामन्यांत .२२० या कमी फलंदाजी सरासरीवर होता. पुढच्याच वर्षी अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वोत्तम नवोदित ठरला. पण वर आणून बाकावर बसवणं सगळ्यात वाईट. रोज खेळायला मिळणार नसेल तर ट्रिपल-ए, म्हणजे लगेच खालची पायरी, बरी.

आणि हो, कागदी हिशेब. संघाच्या ४० जणांच्या मुख्य यादीतल्या खेळाडूला साधारण तीनच हंगाम खाली-वर करता येतं. त्यानंतर खाली पाठवायचं तर आधी वेव्हर्सवर, म्हणजे इतर संघांसाठी खुल्या यादीवर, टाकावं लागतं, तिथून दुसरा संघ त्याला उचलू शकतो.

पिचरचं वेगळंच. कोपर दुखतंय हे तरणा पोरगा सहसा कबूल करत नाही. वेग उतरला, चेंडू वरच राहायला लागले, की विचारत बसू नकोस, काढ त्याला.