अलंकार ओळखता येतात, पण अर्थ कुठून येतो?

तुम्ही विचारलंय की शाळेत उपमा, रूपक, उत्प्रेक्षा घोकून झाले, मार्कही मिळाले, पण वाचताना त्यांचा उपयोग काय आणि लेखक ते खरंच ठरवून वापरतात का. मी ठाण्यात राहते, पंधरा वर्षं मुद्रितशोधन करते. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं तपासते, म्हणून हा प्रश्न मला जवळचा.

अलंकारांची नावं बाजूला ठेवा, आधी शब्दशक्तीकडे या, म्हणजे शब्द अर्थ देतो त्या तीन वाटांकडे: अभिधा, लक्षणा, व्यंजना. शाळेत तो धडा दोन मार्कांचा म्हणून उरकतात, आणि मर्म तर तिथेच आहे.

लोकलमध्ये मुलुंड गेलं की कोणीतरी म्हणतंच, "चला, ठाणं आलं." ठाणं जागचं हलत नाही, येते ती गाडी. सरळ अर्थ, म्हणजे अभिधा, जमत नाही म्हणून आपण त्याच्या लगतचा घेतो. ही लक्षणा. पण ती इतकी रुळलेली आहे की तिच्यातून जास्तीचं काही हाती लागत नाही. आता 'पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली' हे घ्या. 'माणसं मेली' म्हटलं असतं तर नजर रणांगणावरच राहिली असती. 'बांगडी' म्हणताक्षणी ती शेकडो कोस दूर, घरातल्या बाईच्या मनगटावर येते. १७६१चा पराभव घराघरांत शिरतो तो या एका शब्दाने. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेमागची हीच दोन कारणं सांगितली: रूढी, म्हणजे पडलेली सवय, किंवा प्रयोजन, म्हणजे खास हेतू. 'मुखचंद्र' हे रूपक कधीकाळी प्रयोजनाचं असेल, आज ते 'ठाणं आलं'च्याच रांगेत बसतं.

ठरवून वापरतात का? एका कथेचं शेवटचं प्रूफ लेखिकेकडून परत आलं, त्यात एकच दुरुस्ती होती. 'सासर तिला परक्या गावासारखं होतं' याचं तिने 'सासर तिला परकं गाव होतं' केलं होतं. 'सारखं' होतं तोवर सासर आणि गाव यांच्यात थोडी जागा होती, दिलाशाला वाव होता. उपमेचं रूपक झालं आणि तो वाव गेला. लाल शाईची ती एक रेघ मी कितीतरी वेळ बघत बसले होते.

तिसरी शक्ती व्यंजना, माझी सगळ्यात आवडती. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त ध्वनी हाच काव्याचा आत्मा म्हटलं, म्हणजे शब्दांत न सांगितलेला, तरी ऐकू येणारा अर्थ. नौपाड्यात आमच्या शेजारच्या काकांचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी जिना उतरत होते. दूधवाला मुलगा नेहमीसारख्या दोन पिशव्या दाराला अडकवत होता. काकूंनी दार उघडलं, एक पिशवी त्याला परत दिली आणि म्हणाल्या, "उद्यापासून एकच टाक रे."

वाक्यात ना उपमा, ना रूपक. काकूंनी ठरवूनही काही म्हटलं नव्हतं. पण हेच वाक्य एखाद्या कथेत आलं, आणि लेखकाने पुढे 'त्या आता एकट्या पडल्या होत्या' असं लिहिलं असेल, तर मी समासात प्रश्नचिन्ह करून ते पुढचं वाक्य काढायला सुचवीन.