भूलतज्ज्ञ म्हणजे नुसता झोपवणारा का?

पिंपळगाव बसवंतहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, पीसीबी. गेल्या वर्षी आजीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि नंतर दोन-तीन दिवस आजी घरच्यांना ओळखेनात, सलाईन ओढून काढायला बघायच्या. ‘तेव्हापासून मुलगी म्हणते, भुलीची काही औषधं मेंदूला सुजेपासून वाचवतात, मला त्यावर संशोधन करायचंय. पण भूलतज्ज्ञ झोपवणाराच ना? यात करिअर काय?’

नमस्कार. झोपवणं पाच मिनिटांचं काम. पुढचे दोन-तीन तास पेशंटचा श्वास, नाडी, रक्तदाब भूलतज्ज्ञच सांभाळतो. सर्जनचं लक्ष खुब्याकडे असतं, आजींकडे भूलतज्ज्ञाचं.

मुलीने मात्र प्रश्न फार चांगला पकडलाय. ऑपरेशनच्या जखमेमुळे शरीरात दाह वाढवणारी रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या रक्षक पेशी चवताळतात आणि म्हातारपणी असा भ्रम होण्यामागे हेही एक कारण मानतात. डेक्समेडिटोमिडिन हे गुंगीचं औषध या पेशींना शांत करतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. पण माणसांवरच्या काही चाचण्यांत भ्रम कमी झाला, काहींत फरकच पडला नाही. सेव्होफ्लुरेन या हुंगवून द्यायच्या भुलीच्या औषधाचं तर आणखी गमतीचं आहे. काही प्रयोगांत ते मेंदूला वाचवतं, तर नवजात प्राण्यांत त्यानेच चेतापेशी मेल्याचं दिसलं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने 2016 साली तीन वर्षांखालच्या मुलांना लांबलेली किंवा वारंवार भूल देण्याबाबत इशारा दिला, त्या औषधांत हेही होतं. आणि पाठीत इंजेक्शन देऊन नुसता कमरेखालचा भाग बधिर केला तरी वृद्धांना भ्रम होतोच. त्यामुळे सगळं खापर भुलीवर फोडता येत नाही.

म्हणजे ‘औषध मेंदू वाचवतं’ हे अजून सिद्ध व्हायचंय. हे ऐकून मुलीचा उत्साह मावळला तर वेळीच कळलं म्हणायचं. उलट ती ‘असं का?’ म्हणून मागे लागली, तर तिला अडवू नका.

डॉक्टरकीची वाट लांब आहे. इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षं, मग नीट-पीजी देऊन भूलशास्त्रात एमडी तीन वर्षं. मेंदूच्याच भुलीत शिरायचं तर डीएम या त्यापुढच्या पदवीची आणखी तीन. ते बंगळुरूच्या निम्हान्समध्ये किंवा त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रामध्ये करता येतं. रात्री दोनला सिझेरियनसाठी उठणं यात आलंच. ज्याला पेशंटजवळ राहायला आवडतं त्यानेच इकडे यावं.

पेशींचंच वेड असेल तर आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांमधला पाच वर्षांचा बीएस-एमएस, किंवा बी. फार्म. करून औषधशास्त्रात एम. फार्म., आणि दोन्हीकडून पुढे पीएचडी. नाशिकमध्ये बी. फार्म.ला ‘नीट हुकलं म्हणून’ पाठवायची पद्धत आहे, ती मला अजिबात पटत नाही. या विषयात औषधशास्त्रवाल्याला मानाचं काम आहे.

तिला एवढंच विचारा: आजी सलाईन ओढत होत्या तेव्हा तुला काय वाटलं, त्यांचा हात धरावा की हे का होतंय ते शोधावं? उत्तर काहीही येवो, यंदा नीटबरोबर बी. फार्म.साठीची एमएचटी-सीईटी आणि आयसरची प्रवेश परीक्षा आयएटी, दोन्हींचे फॉर्म भरा. आयएटीत गणितही असतं, तिने ते सोडलं असेल तर तयारीचं आत्ताच बघा.