लॉन काढून काय लावावं?

प्रश्न : सांगलीत बंगल्यापुढचं लॉन रोज पाणी देऊनही एप्रिलमध्ये करपतं. त्या जागी काय लावू?

उत्तर : लॉन काढाच. रोजच्या शिंतोड्यांनी मुळं वरच्या थरातच राहतात आणि ऊन वाढलं की आधी तीच वाळतात. मेमध्ये २ फूट लांब-रुंद-खोल खड्डे घ्या, पहिल्या दमदार पावसानंतर बहावा, आपटा लावा. कडेला बोगनवेल, कोरफड. पण काळ्या मातीत पाणी साचून त्यांची मुळं कुजतात, म्हणून वाफा ९ इंच उंच हवा. उसाचं पाचट ३ इंच पसरा, खोडापासून मात्र वीतभर लांब, नाहीतर वाळवी लागते. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, झाडाला १० लिटर, सावकाश मुरेल असं द्या. आळं दरवर्षी रुंदावत न्या. मुळं पाण्यामागे पसरतात.